निर्धार कमी पडत नाही, भूक वाढलेली असते

वजन कमी करण्यासाठी काय करावे हे ठाऊक नसलेला माणूस आज सापडणे अवघड आहे. खाणे थोडे आवरावे, साखर आणि तळलेले पदार्थ कमी करावेत, चालावे, वेळेवर झोपावे, एवढे तर शाळकरी मूलही सांगेल. तरीही हे सारे माहीत असलेली, आयुष्यातील इतर जबाबदाऱ्या चोख पार पाडणारी, परीक्षा, नोकरी आणि आजारपणे यांना खंबीरपणे तोंड दिलेली माणसे वजनापुढे पुन्हा पुन्हा हात टेकतात. अशा वेळी आजूबाजूचे लोक एकच निदान करतात : यांनी मनावर घेतलेले नाही. दुर्दैवाने ती व्यक्तीही तेच निदान मान्य करते, स्वतःला आळशी आणि दुबळ्या मनाची ठरवते आणि पुढचा प्रयत्न आधीपेक्षा कडक करते. हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते आणि त्यातून आलेला कडकपणाच पुढच्या पराभवाची तयारी करतो, असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी भूक मनाचे काय करते येथून सुरुवात करावी लागेल.

भुकेल्या मनाचा अभ्यास

१९४४ साली, दुसरे महायुद्ध संपत आलेले असताना, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग सुरू केला. युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकसमूहांना पुन्हा सुस्थितीत कसे आणावे हे शोधणे हा त्याचा हेतू होता. तत्त्व म्हणून शस्त्र हाती धरण्यास नकार दिलेल्या तरुणांमधून ३६ निरोगी स्वयंसेवक निवडले गेले. निवडताना शरीराबरोबर मनाचा कणखरपणाही तपासला होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. सुरुवातीचे काही आठवडे त्यांना पोटभर जेवण देण्यात आले आणि त्यानंतर २४ आठवडे त्यांचा आहार जवळपास निम्म्यावर, म्हणजे दिवसाला सुमारे १,६०० कॅलरींवर आणला गेला. शिवाय दर आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे सक्तीचे होते. त्यांचे वजन साधारण एक चतुर्थांशाने घटले.

वजन घटणार हे अपेक्षितच होते. मनाचे जे झाले त्याची एवढी अपेक्षा कोणी केली नसावी. ही माणसे दिवसभर अन्नाखेरीज दुसरे काही बोलेनाशी झाली. कधी स्वयंपाकाला हात न लावलेले तरुण पाककृतींची पुस्तके जमवून ती वाचत बसू लागले. ताटातील घास पुरवून पुरवून, तासन्‌तास खाण्याची आणि शेवटी ताट चाटून पुसण्याची सवय अनेकांना लागली. चिडचिड, उदासी आणि एकलकोंडेपणा वाढला, लैंगिक इच्छा मावळली, अभ्यासात लक्ष लागेना. पुन्हा पोटभर खाण्याची मुभा मिळाल्यावरही गोष्टी लगेच पूर्वपदावर आल्या नाहीत. काही जण प्रचंड प्रमाणात खाऊनही आपली भूक भागलेली नाही असे सांगत राहिले आणि काही काळ त्यांच्या अंगावर पूर्वीपेक्षा अधिक चरबी साठली.

ही माणसे मुळात सडपातळ होती आणि त्यांच्याकडून अंगमेहनतही करून घेतली जात होती, त्यामुळे त्यांचा अनुभव जसाच्या तसा सर्वांना लावता येणार नाही. तरी १,६०० हा आकडा आज अनेक डाएट तक्त्यांमध्ये सर्रास आढळतो आणि काही तक्ते तर त्याच्याही बरेच खाली जातात, हे पाहिले म्हणजे तिसऱ्या आठवड्यात घरातल्यांवर विनाकारण खेकसणारा आणि रात्री झोपण्याऐवजी मोबाइलवर पदार्थांची चित्रे पाहत पडणारा माणूस निराळ्या नजरेने दिसू लागतो. ते वागणे त्याच्या स्वभावातून आलेले नसते. कणखर म्हणून निवडलेल्या तरुणांचेही भुकेने तेच केले होते.

भूक वाढते तरी कशी, याचा उलगडा पुढील अर्धशतकात हळूहळू होत गेला. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन हे संप्रेरक शोधून काढले. शरीरातील चरबीच्या पेशी ते तयार करतात आणि साठा पुरेसा आहे अशी वर्दी मेंदूला त्याच्यामार्फत पोहोचते. चरबी घटली की लेप्टिन घटते आणि मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा लावतो. त्यानंतर पाचच वर्षांनी जपानमधील संशोधकांनी घ्रेलिन शोधले. हे प्रामुख्याने जठरात तयार होते आणि भूक चेतवते. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी वजन जास्त असलेल्या ५० व्यक्तींना दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींच्या आहारावर ठेवले आणि नंतर वर्षभर त्यांचा पाठपुरावा केला. वर्ष उलटल्यावरही लेप्टिन आणि घ्रेलिन यांच्यासह भुकेशी संबंधित अनेक संप्रेरके मूळ पातळीवर परतलेली नव्हती आणि लोकांना आधीपेक्षा जास्त भूक लागतच होती. याचा अर्थ वजन कमी केलेली व्यक्ती आणि त्याच वजनाची, कधीच लठ्ठ नसलेली व्यक्ती एकाच ताटासमोर बसल्या तरी त्यांना लागलेली भूक सारखी नसते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ताट तेवढे दिसते.

यात आनुवंशिकतेची भर पडते. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचीही वजने एकमेकांशी बरीच जुळतात, असे जुळ्यांवरील अभ्यासांत आढळले आहे. कोणाच्या वाट्याला किती भूक आली आहे हे कोणीच निवडून घेतलेले नसते, म्हणून शेजारच्याने सहा महिन्यांत काय करून दाखवले हा दाखला फारसा उपयोगाचा नाही.

संयमी लोक नेमके काय करतात

मग निर्धाराला काहीच अर्थ नाही का? अर्थ आहे, पण आपण समजतो तसा नाही. १९९८ मध्ये रॉय बॉमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की आत्मसंयम हा मर्यादित साठा असतो आणि एका ठिकाणी वापरला की दुसऱ्या ठिकाणी कमी पडतो. समोर ठेवलेली बिस्किटे न खाता कच्चा मुळा खाण्यास सांगितलेल्या लोकांनी नंतरचे अवघड कोडे लवकर सोडून दिले, हा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि पाठ्यपुस्तकांत गेला. परंतु २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी २,००० हून अधिक लोकांवर याच कल्पनेची एका ठरावीक पद्धतीने फेरतपासणी केली तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य आढळला. त्यावरील वाद आजही मिटलेला नाही, पण संयम म्हणजे दिवसभरात संपत जाणारा साठा, असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा राहिलेला नाही.

त्यापेक्षा मला २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला जर्मनीतील एक अभ्यास अधिक बोलका वाटतो. त्यात दोनशेहून थोड्या अधिक लोकांना दिवसभरात वेळोवेळी विचारले गेले की या क्षणी तुम्हाला कशाचा मोह होत आहे आणि तुम्ही त्याच्याशी झगडत आहात का. ज्यांचा आत्मसंयम चांगला मानला जात होता, ते मोहाशी अधिक जोराने लढत असतील अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्यांना मोहाशी झगडण्याची वेळच कमी येत होती. आपले दिवस ते अशा रीतीने आखत असावेत की लढाईचे प्रसंग मुळात थोडे यावेत. जे पाकीट उघडल्यावर थांबता येत नाही ते दुकानातून घरी न आणण्यासाठी अर्ध्या मिनिटाचा विचार पुरतो. तेच घरात आणून ठेवले तर रोज रात्री त्याच्याशी सामना करावा लागतो आणि त्या सामन्यात दमलेल्या, भुकेल्या माणसाची बाजू नेहमीच पडती असते.

आपण काय खातो यावर समोर काय ठेवले आहे याचा किती प्रभाव असतो, हे केव्हिन हॉल यांच्या गटाने २०१९ मध्ये केलेल्या प्रयोगात स्पष्ट दिसले. २० जणांना एका संशोधन रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेले, अतिप्रक्रिया केलेले पदार्थ आणि दोन आठवडे साधे, कमी प्रक्रिया केलेले पदार्थ देण्यात आले. कॅलरी, साखर, चरबी आणि तंतू यांचे प्रमाण दोन्हींत सारखे ठेवले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. प्रक्रियायुक्त अन्नाच्या दोन आठवड्यांत तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि त्यांचे वजन सरासरी जवळपास एक किलोने वाढले. पंधरवड्यात त्यांचा निर्धार बदलला नव्हता, ताट बदलले होते.

मोडलेला दिवस

वजनाच्या मानसशास्त्रात सर्वाधिक नुकसान करणारी गोष्ट कोणती असे विचारले तर मी भुकेचे नावही दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. पहिला क्रमांक ‘आज तर मोडलेच आहे, आता उद्यापासून’ या वाक्याचा. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी विद्यार्थिनींना चव तपासण्याच्या निमित्ताने बोलावले. काहींना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही आणि त्यानंतर सर्वांसमोर भरपूर आइस्क्रीम ठेवून चवीबद्दल मत विचारले. ज्या मुली एरवी आहारावर बंधने घालत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, जे पोटाच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक होते. ज्या मुली सतत डाएटवर असत, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम अधिक खाल्ले. पुढील प्रयोगांत असेही दिसले की पदार्थात खरोखर किती कॅलरी आहेत यापेक्षा तो जड आहे असे खाणाऱ्याला वाटणे पुरेसे ठरते. नियम मोडला ही जाणीव झाली की त्या दिवसापुरता नियमच रद्द होतो.

या वागण्यात एक विचित्र तर्क दडलेला आहे. मनाने दिवसाचे ‘चांगला’ आणि ‘वाया गेलेला’ असे दोनच प्रकार पाडलेले असतात. दिवस एकदा दुसऱ्या प्रकारात गेला की पुढचे दोनशे ग्रॅम काय आणि सहाशे ग्रॅम काय, मनाच्या हिशेबात फरक पडत नाही, शरीराच्या हिशेबात मात्र पडतो. त्यातच उद्यापासून पुन्हा कडक राहायचे असल्यामुळे, आज शेवटचे खाऊन घ्यावे अशी घाईही सुटते. दुसऱ्या दिवशीचा नियम पश्चात्तापातून आणखी कडक होतो, म्हणून तो आणखी लवकर मोडतो. अनेकांची वर्षेच्या वर्षे या फेऱ्यात जातात आणि एकूण खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग अशा ‘वाया गेलेल्या’ संध्याकाळींच्या खात्यावर पडतो. आठवड्यातून एक दिवस मनसोक्त खाण्याची जी सवलत अनेक जण स्वतःला देतात तीही काहींच्या बाबतीत याच तर्काला खतपाणी घालते, कारण उरलेले सहा दिवस शिक्षेचे आहेत हे त्यात गृहीत धरलेले असते.

यावरचा उपाय ऐकायला अगदीच मवाळ वाटतो, त्यामुळे कडक शिस्तीच्या भोक्त्यांना तो पटत नाही. २००७ मध्ये क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी अशाच प्रकारच्या प्रयोगात सहभागी तरुणींना आधी डोनट खायला दिला. त्यांतील काहींना संशोधिका सहज म्हणाली की असे पदार्थ सगळेच कधी ना कधी खातात, त्याबद्दल स्वतःला फार बोल लावू नये. त्यानंतर समोर गोळ्या-चॉकलेटे ठेवली तेव्हा आहाराबाबत एरवी फार काटेकोर असलेल्या ज्या मुलींनी हे वाक्य ऐकले होते, त्यांनी ते न ऐकलेल्या तशाच मुलींपेक्षा कमी खाल्ले. स्वतःला माफ केले तर माणूस सोकावेल अशी भीती सर्वांना असते, येथे उलटे झाले. व्यवहारात याचा अर्थ इतकाच की जेवणाचा हिशेब दिवसावर न ठेवता प्रत्येक जेवणाचा वेगळा ठेवावा. दुपारी जास्त झाले असेल तर रात्रीचे जेवण नेहमीसारखे करावे, उपाशी राहून त्याची भरपाई करू नये, कारण ती भरपाईच दुसऱ्या दिवशीच्या अतिरेकाला आमंत्रण देते.

लाजेने वजन घटत नाही

स्वतःला बोल लावण्याची सवय बहुधा बाहेरून येते. जाड माणसाला टोमणा मारला की तो सुधारेल, असा समज घरोघरी आणि कित्येक दवाखान्यांतही आढळतो. अमेरिकेत ६,००० हून अधिक प्रौढांचा २००६ ते २०१० या काळात पाठपुरावा करून अँजेलिना सुटिन आणि अँटोनियो टेराचियानो यांनी २०१३ मध्ये जे निष्कर्ष मांडले ते या समजाच्या विरुद्ध जातात. वजनावरून भेदभाव सोसावा लागल्याचे सांगणारे जे लोक सुरुवातीला लठ्ठ नव्हते, ते चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे अडीचपट होती. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण टोमण्याने वजन उतरते याचा पुरावा तर तीत कोठेच नाही. लाज वाटणारा माणूस व्यायामशाळेत जायचे टाळतो, तलावात उतरत नाही, डॉक्टरांकडे जाणे लांबणीवर टाकतो आणि चारचौघांत कमी खाऊन एकांतात खातो. चोरून, घाईत आणि अपराधी मनाने खाल्लेल्या अन्नाने समाधानही होत नाही.

समाधान ही गोष्ट येथे वाटते तितकी हवेतली नाही. २०११ मध्ये अलिया क्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४६ जणांना दोन वेगवेगळ्या वेळी एकच ३८० कॅलरींचा मिल्कशेक दिला. एकदा त्याच्यावर चैनीचे, ६२० कॅलरींचे पेय असे लेबल होते आणि एकदा हलके, १४० कॅलरींचे आरोग्यदायी पेय असे. चैनीचे समजून पिताना भूक चेतवणारे घ्रेलिन ठळकपणे खाली आले, हलके समजून पिताना ते फारसे हलले नाही. प्रयोग लहान आहे आणि त्यावर मोठे इमले बांधू नयेत, तरी बेताचे पण मन लावून, चवीने केलेले जेवण आणि तेवढेच ‘डाएटचे’ म्हणून तोंड वाकडे करून गिळलेले जेवण यांत शरीरालाही फरक जाणवू शकतो, एवढे त्यातून म्हणता येते.

भावनांच्या भरात खाण्याबद्दल बरेच लिहिले जाते, म्हणून थोडक्यात. ताण, कंटाळा, एकटेपणा किंवा राग असताना गोड आणि स्निग्ध पदार्थ खाल्ल्याने काही मिनिटे खरोखर बरे वाटते, त्यामुळे तो मार्ग मन लक्षात ठेवते. तो नुसता बंद केला तर ताण जातो कोठे, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे खाणे थांबवण्याआधी ताण हलका करण्याची दुसरी एखादी वाट, मग ती फेरफटका असो, फोनवरचे बोलणे असो किंवा दहा मिनिटे एकटे बसणे असो, हाताशी असावी लागते. पोटाची भूक हळूहळू वाढते आणि कोणत्याही जेवणाने भागते, मनाची भूक अचानक येते आणि बहुधा एकाच विशिष्ट पदार्थाचे नाव घेते, ही ओळख पटवायला काही आठवडे लागतात. झोपेचेही तसेच. शिकागोमध्ये २००४ साली बारा निरोगी तरुणांवर झालेल्या अभ्यासात दोन रात्री चारच तास झोप मिळाली तेव्हा लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि भूकही वाढली. जागरण करून पहाटे व्यायामाला उठण्याचा बेत आखणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

ध्येय, काटा आणि वही

वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाच्या मनात एक आकडा असतो आणि तो बहुधा लग्नाच्या वेळच्या किंवा महाविद्यालयातल्या वजनाचा असतो. गॅरी फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लठ्ठपणावर उपचार घेण्यास आलेल्या ६० स्त्रियांना त्यांची अपेक्षा विचारली. त्यांचे ध्येय सरासरीने वजनाचा तब्बल ३२ टक्के भाग कमी करण्याचे होते आणि १७ किलो कमी होणे हे त्यांच्या लेखी निराशाजनक होते. ४८ आठवड्यांच्या उपचारांनंतर त्यांचे वजन सरासरी १६ किलोंनी घटले. वैद्यकीय दृष्टीने हे उत्तम यश होते, पण त्यांतील जवळपास निम्म्या स्त्रिया स्वतःच ठरवलेल्या निराशेच्या रेषेपर्यंतही पोहोचल्या नव्हत्या.

याच्या शेजारी दुसरा एक अभ्यास ठेवावा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,००० हून अधिक लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला वजन ७ टक्के घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करणे एवढेच ध्येय दिले होते. सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण त्या गटात, तुलनेसाठी ठेवलेल्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी राहिले. ९० किलोंच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे सहा-साडेसहा किलो. एवढ्याने आरशात फारसा फरक दिसत नाही, ओळखीचे लोक काही बोलत नाहीत आणि म्हणून मनाला ते यश वाटतच नाही, तरी रक्तातील साखर, रक्तदाब आणि गुडघे यांच्या दृष्टीने बरेच काही घडून गेलेले असते. आरोग्याचे ध्येय आणि दिसण्याचे ध्येय यांची गल्लत केली की आरोग्याचे यशही पदरात पडून निसटते. दिसण्याचे ध्येय ठेवू नये असे मी म्हणणार नाही, पण दोन्हींचे हिशेब वेगळे असावेत.

काट्याच्या बाबतीत एक साधी माहिती पुष्कळ मनस्ताप वाचवते. शरीरात कर्बोदकांचा जो राखीव साठा असतो त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. आहार कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरणारे वजन मोठ्या प्रमाणात हे पाणीच असते आणि एका खारट जेवणानंतर दुसऱ्या सकाळी वाढलेला किलोही बहुतांशी पाण्याचाच असतो. मासिक पाळीच्या आधीही असा चढउतार होतो. रोज वजन करून ज्याचे मन थाऱ्यावर राहते त्याने रोज करावे आणि आठवड्याची सरासरी पाहावी. ज्याचा अख्खा दिवस त्या आकड्यावर बिघडतो त्याने आठवड्यातून एकदाच करावे.

वहीत खाण्याची नोंद ठेवणे अनेकांना जाचक वाटते, पण तिची गरज कशातून निर्माण होते हे १९९२ मधील एका छोट्या अभ्यासात दिसते. कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या दहा जणांचे खाणे आणि ऊर्जाखर्च शास्त्रीय पद्धतीने मोजले गेले. त्यांनी आपले खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितले होते आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. ते खोटे बोलत होते असे मानण्याचे कारण नाही. उभ्या उभ्या खाल्लेले, दुसऱ्याच्या ताटातून उचललेले आणि बोलता बोलता तोंडात टाकलेले स्मरणात राहत नाही, हा मनाचा धर्म आहे. नोंद स्वतःवर खटला चालवण्यासाठी ठेवली तर ती चार दिवसांत बंद पडते, कुतूहलाने ठेवली तर आपले अवघड तास कोणते आहेत हे महिनाभरात उमगते. ज्यांना पूर्वी खाण्याचा मानसिक विकार झाला आहे त्यांनी मात्र कॅलरी मोजण्याच्या वाटेला तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय जाऊ नये.

अवघड तास कळले की त्यांच्यासाठी आधीच निर्णय घेऊन ठेवता येतो. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे की ‘मी कमी खाईन’ या मोघम संकल्पापेक्षा ‘अमुक प्रसंग आला तर मी तमुक करीन’ असा नेमका बेत पार पडण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. कामावरून दमून परतल्यावर स्वयंपाकघरात शिरण्याआधी कपडे बदलून पाणी प्यायचे, एवढा किरकोळ बेतही पुरतो. त्याची सवय किती दिवसांत होते याबद्दल २१ हा आकडा फार प्रचलित आहे, पण त्याला आधार नाही. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कृती अंगवळणी पडण्यास लागणाऱ्या काळाचा मध्यांक ६६ दिवस निघाला आणि व्यक्तीनुसार व कृतीनुसार तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत असू शकतो असा अंदाज आला. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेत म्हणण्यासारखा खंड पडला नाही, हा त्यातील निष्कर्ष बाविसाव्या दिवशी हताश होणाऱ्यांना मुद्दाम सांगायला हवा.

उतरल्यानंतर

वजन उतरत असताना मनाला रोजचा मोबदला मिळत असतो : काटा खाली येतो, कपडे सैल होतात, लोक विचारपूस करतात. उतरलेले वजन राखण्याच्या काळात यांतले काहीच मिळत नाही. काटा हलला नाही हेच यश असते आणि त्याबद्दल कोणी अभिनंदन करत नाही. भूक वाढलेली, शरीराचा ऊर्जाखर्च घटलेला आणि कौतुक आटलेले, अशा तिहेरी कात्रीत माणूस सापडतो आणि वजन परत वाढते ते बहुधा याच टप्प्यावर. शिवाय डोक्यातील स्वतःची प्रतिमा शरीराच्या मागे रेंगाळते. बारीक झालेली माणसेही कित्येक महिने जुन्या मापाच्या कपड्यांकडे हात नेतात. ज्यांनी वजन उतरले की आत्मविश्वास, नाती आणि नोकरी सारेच सुधारेल असे गृहीत धरलेले असते, त्यांना तर नव्या शरीरात जुनेच प्रश्न भेटतात आणि केलेले कष्ट फुकट गेले असे वाटू लागते.

अमेरिकेत रिना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या एका नोंदवहीत, किमान १३.६ किलो वजन घटवून ते किमान वर्षभर राखलेल्या हजारो लोकांची माहिती आहे. हे यशस्वी झालेलेच लोक असल्याने त्यांच्यावरून सर्वांबद्दल अनुमान काढणे धोक्याचे आहे. तरी त्यांच्यातील बहुतेक जण नियमित व्यायाम करतात, आठवड्यातून एकदा तरी वजन पाहतात आणि सुटीच्या दिवशीही खाण्याची घडी फारशी विस्कटू देत नाहीत. हे सारे अगदी नीरस आहे, आणि नीरस असूनही चालू ठेवता येण्याजोगे आहे. डाएट निवडताना त्याने महिन्यात किती किलो उतरतील हे विचारण्याऐवजी आजारपणात, भांडणाच्या दिवशी आणि कामाच्या गर्दीत ते निभेल का, हे विचारणे म्हणूनच अधिक शहाणपणाचे.

गेल्या काही वर्षांत आलेल्या औषधांनी या विषयावर अनपेक्षित प्रकाश टाकला आहे. सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२१ मधील चाचणीत ६८ आठवड्यांत लोकांचे वजन सरासरी सुमारे १५ टक्के घटले. ते घेणारे अनेक जण सांगतात की डोक्यात अखंड चालणारा अन्नाचा विचार एकाएकी शांत झाला आणि इतर लोक कायम असेच जगत असतात हे त्यांना पहिल्यांदाच समजले. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. त्या माणसांचे चारित्र्य औषध सुरू करताना सुधारले नव्हते आणि थांबवताना बिघडलेही नव्हते. हे औषध कोणी घ्यावे आणि कोणी घेऊ नये हा डॉक्टरांशी बोलून ठरवण्याचा विषय आहे, परंतु ते घेणाऱ्याला पळवाट शोधणारा म्हणून हिणवणारे भुकेबद्दल फारसे जाणत नाहीत असेच म्हणावे लागते.

काही वेळा प्रश्न सवयींच्या पलीकडचा असतो. थोड्या वेळात प्रचंड खाणे, खाताना थांबताच येत नाही असे वाटणे, ते लपवणे आणि नंतर तीव्र घृणा वाटणे, हे आठवड्यातून किमान एकदा असे तीन महिने घडत असेल तर तो अतिभक्षणाचा विकार असू शकतो. मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात २०१३ पासून त्याला स्वतंत्र स्थान मिळाले आहे आणि त्याच्यावर परिणामकारक मानसोपचार उपलब्ध आहेत. खाऊन झाल्यावर मुद्दाम उलटी करणे, रेचके घेणे, वजन पुरेसे कमी असूनही ते वाढण्याची सतत धास्ती वाटणे, किंवा काही आठवडे कशातच मन न लागणे, ही लक्षणे दिसली तर आधी डाएट थांबवावे आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्यावी. तोपर्यंत वजनाचा काटा दृष्टीआड ठेवलेला बरा.